कोरडं वजन

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे किलोताई म्हणत. सत्तावीस वर्षं ती एकाच काट्यापाशी उभी होती. कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून चाकांच्या पिंजऱ्यात रचले की पिंजरा आधी तिच्या काट्यावर यायचा. ती आकडा बघायची, वहीत टिपायची, चिठ्ठी चिकटवायची आणि मगच पिंजरा गाडीत चढायचा. तिच्या चिठ्ठीशिवाय एक रुमाल दाराबाहेर जात नसे. नजरेने वजन सांगायची खोड तर अशी जडलेली, की कुणी कौतुकाने तान्हं मूल मांडीवर दिलं तरी ही बाई पापा घ्यायच्या आधी म्हणणार, "चार किलो दोनशे." आणि मेली बरोबर निघायची!

अशी ही आकड्यांची पक्की बाई आठ दिवस एका कागदापुढे बसून होती आणि कागद काही भरून होत नव्हता.

कागद लिफ्टचा होता. इमारतीतली लिफ्ट नव्हे. मालाच्या गाडीला पाठीमागे बसवतात ती. लोखंडी फळी जमिनीला टेकते, पिंजरा तिच्यावर ढकलायचा, बटण दाबायचं, की फळी पिंजऱ्यासकट गाडीच्या तळापर्यंत वर येते. कारखान्याच्या गाडीला अशी लिफ्ट कधी नव्हती. होता तो नुसता पत्र्याचा घसरडा रॅम्प, आणि गाडी चालवून त्या रॅम्पवरून पिंजरे चढवणारा-उतरवणारा एकटा माणूस म्हणजे किलोताईचा धाकटा भाऊ. घरात त्याला बाळ्या म्हणत. बाळ्या आता सत्तेचाळीस वर्षांचा होता, दोन मुलींचा बाप होता, डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते, पण बाळ्या तो बाळ्याच.

सात आठवड्यांपूर्वी पोहण्याच्या तलावावरून परतीचा माल चढवताना पिंजरा उलटा त्याच्या अंगावर आला. शहाण्या माणसाने बाजूला उडी मारली असती. हा तो अडवायला गेला. कमरेतली चकती अशी सरकली की तीन दिवस त्याला पायाचा अंगठा हलवता येईना. शस्त्रक्रिया झाली. "या खेपेला पाय वाचलेत," डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी कसलीही खात्री देणार नाही." मग त्यांनी विचारलं, अंगावर आलं ते होतं किती वजनाचं? बाळ्याने तोंड उघडायच्या आत किलोताई म्हणाली, "एकशे दहा किलो." डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. घरी आल्यावर मात्र तिने भावाला चांगलंच फैलावर घेतलं. "एकशे दहा किलोने आडवा पडतोस? चाकं आहेत त्या पिंजऱ्याला! खाण्याकडे लक्ष नाही, व्यायामाच्या नावाने शंख, मग दुसरं काय होणार?" बाळ्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

कारखान्याचे मालक माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी किलोताईला आत बोलावलं आणि पेनाचं टोपण चावत सांगितलं, "त्याला आता मी रॅम्पवर पाठवणार नाही. माझ्या जिवाला घोर नको. लिफ्ट बसली तर गाडी त्याचीच. नाही जमलं तर ताई, मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल." आणि वर म्हणतात कसे, "कोणती लिफ्ट घ्यायची ते तुम्हीच ठरवा. वजनातलं तुमच्याइतकं कळतं कुणाला?"

झालं! तेव्हापासून बाई लिफ्टचा कागद पुढे घेऊन बसली. लिफ्ट कमी ताकदीची निघाली तर भावाचे पाय जायचे. जास्त मोठी सांगावी तर मालक बिथरायचे, भावाची नोकरी जायची. दोन्हीकडून तोच मरणार आणि निवडणार ही. त्यात भावजय रोज फोन करून म्हणायची, "ताई, तुम्ही बघताय म्हणून मी निर्धास्त आहे हो." हे ऐकलं की किलोताई फोन ठेवून पुन्हा कागद उघडायची. निर्धास्त म्हणे! हिला काय जातंय निर्धास्त व्हायला.

मंगळवारी लिफ्टवाला आला. किडकिडीत, कमरेला मोजपट्टी, आवाज कधी चढणार नाही असा माणूस. मालकांच्या टेबलावर त्याने तक्ता पसरला.

"सगळ्यात जड पिंजरा किती किलोचा?" त्याने विचारलं.

"एकशे दहा. सांगाड्यासकट."

"नक्की ना ताई?"

किलोताईला असा राग आला म्हणता! तिने आपली वही त्याच्यापुढे आपटली. "सत्तावीस वर्षांच्या वह्या आहेत आत. कुठलंही पान उघडा. एकशे दहाच्या वर पिंजरा गेलेला दाखवा, मी काटा सोडून घरी जाते."

"बरं, बरं. फळीवर माणूसही उभा राहणार का?"

"राहणार. अठ्ठ्याहत्तर किलो. दुखण्यात चार उतरलाय, पण मी जुनंच धरलंय."

लिफ्टवाला हसला. त्याच्याकडे तीन प्रकार होते, तीनशे किलो उचलणारी, पाचशेची आणि साडेसातशेची. तिन्ही गाडीच्या पोटाखाली घडी होऊन जाणाऱ्या, म्हणजे इस्पितळात माल उतरवायच्या धक्क्याला गाडी टेकवायची तर मध्ये येणार नाहीत. "पण लिफ्ट जेवढी ताकदवान तेवढी ती स्वतः जड," तो म्हणाला. "ते वजन गाडीने वाहायच्या मालातून वजा होतं. साडेसातशेची घेतलीत तर दर फेरीला एक पिंजरा कमी न्यावा लागेल." मालकांनी टोपण चावायचं थांबवून छताकडे पाहिलं. "तुमची बेरीज होते एकशे अठ्ठ्याऐंशी. तीनशेची पुरून उरेल," लिफ्टवाला म्हणाला.

"आणि समजा जास्त झालं तर?" किलोताईने विचारलं. आकडे तिचेच, खात्री तिचीच, तरी विचारलं.

"फारच जास्त झालं तर लिफ्ट उचलतच नाही. ते बरं. पण थोडंच जास्त असेल तर उचलते, आणि अर्ध्या वाटेत फळीचं टोक झुकतं. पिंजऱ्याला चाकं आहेत. आणि बटण दाबणारा माणूस टोकाकडेच उभा असतो."

तिच्या डोळ्यांपुढे भाऊ उभा राहिला, कमरेला पट्टा, हात बटणावर. मालक म्हणाले, "मग तीनशेची. करा सही, ताई." तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "परवा देते," ती म्हणाली. मालकांनी कपाळावर हात मारला. लिफ्टवाला मात्र म्हणाला, "चालेल. शनिवारी बसवायची आहे, परवा संध्याकाळपर्यंत कागद हवा. तोवर माल कुठे कुठे उतरवता त्या जागा बघून या. जमीन तिरकी असेल तर फळी नीट टेकत नाही."

म्हणून गुरुवारी सकाळी किलोताई गाडीत बसली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तिचं काम काट्यापाशी संपायचं. पुढे पिंजऱ्यांचं काय होतं ते बघायला ती कधी गेलीच नव्हती, आणि तशी वेळही आली नव्हती. गाडी चालवायला बदली ड्रायव्हर होता, एक आडदांड गडी. तो पहिल्या दिवशी एकटा गेला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मेहुण्याला बरोबर घेऊनच हजर झाला. "जोडीदाराशिवाय जमायचं नाही," असं त्याने मालकांना तोंडावर सांगितलं होतं. किलोताईने तेव्हापासून दोघांचं नाव ऐतखाऊ ठेवलं होतं. माझा भाऊ एकटा करायचा आणि या दोन बैलांना जमत नाही! जागा दाखवायला बाळ्याही आला होता. "खाली उतरलास तर तंगडी मोडीन," असं बजावून तिने त्याला खिडकीपाशी बसवलं होतं. मोडायला आलेल्या पायाला असं बोलू नये, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि उरलेला रस्ताभर ती त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

इस्पितळाचा धक्का गाडीच्या तळाशी बरोबर जुळला. वसतिगृहाच्या बोळात जमीन सपाट होती. तिने मोजपट्टी लावली, उकिडवं बसून पाहिलं, लिहून घेतलं. जीव थोडा भांड्यात पडला. एकशे दहा आणि अठ्ठ्याहत्तर, तीनशेची लिफ्ट, शंभरावर शिल्लक. मग कशाला घाबरतेस गं बाई, असं तिने स्वतःला दोनदा विचारलं.

शेवटी तलाव आला. मागच्या दाराशी गाडी लागली. स्वच्छ टॉवेलांचे तीन पिंजरे उतरले, एकशे दहाचे, तिच्याच चिठ्ठ्या लावलेले. ऐतखाऊसुद्धा ते एका हाताने ढकलत आत घेऊन गेले. ती मोजपट्टी गुंडाळत होती, तेवढ्यात आतून चाकं करकरायला लागली.

परतीचे पिंजरे येत होते. तीन गेले होते, दोन येत होते. आत ठासून कोंबलेले वापरलेले टॉवेल, त्यांच्या मधून तलावाच्या काठची जाडजूड पायपुसणी, आणि खालून पाणी गळतंय, सगळ्या फरशीवर ओघळ. एका पिंजऱ्याला दोन माणसं लागली होती, एक पुढून ओढतोय, एक मागून खांदा देतोय, आणि दोघांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"थांबा," किलोताई म्हणाली. "सरका जरा."

तिने पिंजऱ्याला दोन्ही हात लावले. ढकललं. मग खांदा लावला, पाय रोवले, दात खाल्ले. पिंजरा जागचा हलला नाही. तिने मागे होऊन त्याच्याकडे पाहिलं, सवयीने, आकडा यावा म्हणून, आणि आकडा आलाच नाही.

"तीनचे दोन कसे झाले?" तिने विचारलं.

"मळक्याला काय घड्या घालायच्या?" आडदांड ड्रायव्हर म्हणाला. "दाबून भरतात तलाववाले."

"रोज असंच असतं?"

"आज गुरुवार आहे ताई. सोमवारचं बघा. रविवारी अर्धं गाव पोहून जातं."

तिने पिंजऱ्याची जाळी धरली.

तुम्ही विचाराल, एवढी सत्तावीस वर्षांची अनुभवी बाई, तिला ओलं कापड जड असतं हे कळू नये? कळतं हो! कुणाला कळत नाही? पण धुलाईच्या धंद्यात वजन म्हणजे कोरडं वजन. ओल्या मालात पाणी किती नि कापड किती, यावरून गिऱ्हाइकांशी भांडणं होतात, म्हणून तोलायचं ते फक्त धुतलेलं, वाळलेलं. मशीनवर पन्नास किलो लिहिलं असेल तर ते कोरडे पन्नास. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मळका माल मागच्या दाराने येतो आणि थेट मशीनपाशी जातो. काटा आहे पुढच्या दाराशी. सत्तावीस वर्षांत एकही ओला पिंजरा तिच्या काट्यावर चढला नव्हता, आणि चढवावा असं तिला एकदाही सुचलं नव्हतं. गाडी जितक्या वेळा कोरडा माल घेऊन जाते तितक्याच वेळा ओला माल घेऊन येते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

परतताना तिला आता दुसरंच आठवत होतं. सहा वर्षांपूर्वी, तलावाचं काम नवीन लागलं तेव्हा, बाळ्याने मालकांकडे जोडीदार मागितला होता. मालकांनी आतूनच हाक मारून विचारलं होतं, "ताई, तलावाचा पिंजरा किती भरतो हो?" आणि तिने वहीतून मान वर न करता उत्तर दिलं होतं. एकशे दहा, सांगाड्यासकट. मग मालक बाळ्याला म्हणाले होते, एवढं एका माणसाला सहज जमेल. जोडीदार मिळाला नाही. तो विषय तिथेच संपला होता.

कारखान्यात शिरताच तिने ड्रायव्हरला मागच्या दाराकडे वळू दिलं नाही. "पुढे घ्या. माझ्या काट्यावर."

"ताई, ओला माल आहे, काटा गंजेल."

"गंजू दे मेला!"

दोघांनी पिंजरा ओढत आणला. मागे पाण्याची लांब रेघ उमटली. इस्त्रीवाल्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. पिंजरा काट्यावर चढला, काटा कुरकुरला, आकडे पळाले आणि थांबले. दोनशे चौऱ्याऐंशी.

मालक धावत बाहेर आले. "हे काय चाललंय? इथे ओला माल कुणी आणला?"

"वाचा," किलोताई म्हणाली.

मालकांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो, पण हे पाण्याचं वजन आहे. आपल्या धंद्यात तर कोरडंच..."

"त्याच्या कमरेला ते कळत नव्हतं ना!" तिचा आवाज इतका चढला की मागची मशीनवाली माणसंही आली. "दोनशे चौऱ्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर. तीनशे बासष्ट. आज मी तीनशेच्या लिफ्टवर सही करणार होते. शनिवारी ती बसली असती आणि सोमवारी हा तिच्या टोकावर उभा राहिला असता."

"म्हणजे तुमची चूक आहे असं कोण म्हणतंय, ताई? सगळेच तसंच धरतात."

"मी म्हणतेय. सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलंत, मी एकशे दहा सांगितलं. माझ्या तोंडच्या आकड्यावर त्याला जोडीदार नाकारलात. ही चूक माझीच आहे, आणि आता तरी मला बोलू द्या."

तिने तिथूनच, काट्यापाशी उभं राहून, लिफ्टवाल्याला फोन लावला. तिने आकडे सांगितले. दोन माणसं आणि सोमवारचा माल धरून पाचशेची काठावर येते, तो म्हणाला, काठावर नको. "मग साडेसातशेची," ती म्हणाली. "हो, माहीत आहे, पिंजरा कमी बसेल. बसू दे. आणि फळीच्या टोकाला चाकं अडवणारी पट्टी हवी, उभी राहणारी. ती असते का? मग ती लिहा." मालक समोर उभे होते. तिने फोनवर हात ठेवून विचारलं, "आणि जोडीदार. हो का नाही ते आत्ता सांगा." मालकांनी काट्याकडे पाहिलं, भोवती जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

बाळ्या अजून गाडीतच बसलेला होता. उतरायचं नाही म्हटलं तर उतरला नव्हता. ती दुसऱ्या बाजूने चढली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली.

"साडेसातशेची येतेय," ती म्हणाली. "आणि जोडीदार मिळेल."

"बरं झालं."

"दोनशे चौऱ्याऐंशी भरला."

"सोमवारी तीनशेच्या वर जात असेल," बाळ्या सहज म्हणाला.

"मग तू मला कधी बोलला का नाहीस रे? सहा वर्षं? डॉक्टरांसमोर मी एकशे दहा म्हणाले तेव्हाही तोंड शिवून बसलास. घरी आल्यावर मी तुला वाट्टेल ते बोलले!"

बाळ्याने तिच्याकडे वळून पाहिलं. त्याला खरंच कळेना, ती काय विचारतेय ते. "काय बोलायचं होतं? तुला माहीत होतंच की."

"काय माहीत होतं?"

"हेच. पिंजरा किती जड असतो ते. वजनातलं तुला ठाऊक नाही असं मला कसं वाटेल, ताई? मालक म्हणाले, तुझ्या बहिणीनेच आकडा दिलाय. म्हटलं, तिची काही अडचण असेल, मालकांपुढे तिला तसंच सांगावं लागत असेल. तिच्या नोकरीवर यायला नको. म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही."

किलोताईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"म्हणजे सहा वर्षं तू असं धरून चालला होतास, की ताईने जाणूनबुजून..."

"हो."

"आणि तरी दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचास?"

बाळ्याने कमरेचा पट्टा जरा सैल केला. "मग कुठे जाणार होतो?" तो म्हणाला. "आई गेल्यावर मोठं असं दुसरं आहे कोण मला?"

तेव्हा ती रडली, दोन्ही हातांनी तोंड दाबून, कारखान्याच्या भर आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. बाळ्याने हात पुढे करून तिच्या बाजूची काच वर केली आणि ती थांबेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिला.